रात्रीचा मुक्काम आधी: विमानांच्या ताफ्याचं वेळापत्रक लिनियर प्रोग्रॅमिंगनं कसं मांडायचं

एका विमान कंपनीच्या शेड्यूल प्लॅनिंग विभागात मी बरीच वर्षं काम केलं. आता नागपूरला घरी असते आणि अभियांत्रिकी व संख्याशास्त्राच्या मुलामुलींना हा विषय शिकवते. लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजे सरळ रेषेच्या समीकरणांत लिहिलेल्या अटी पाळून नफा जास्तीत जास्त करण्याचं गणित, त्यांना अनोळखी नसतं. बारावीत दोन चलं घेऊन, आलेखावर रेषा ओढून, कोपऱ्यातल्या बिंदूंवर नफा तपासून बघितलेला असतो. पण तिथून विमानांकडे वळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठल्या उड्डाणाला कुठलं विमान लावायचं? मी त्यांना आधी दुसरा प्रश्न विचारायला लावते. रात्री तीन वाजता कुठलं विमान कुठे उभं आहे?

खेड्यात राहिलेल्या माणसाला हे पटकन कळतं. रात्री एसटीची मुक्कामी गाडी गावात येते, म्हणून सकाळी सहाची तालुक्याची फेरी सुटते. मुक्कामाची गाडी बंद झाली की सकाळची फेरी फक्त फलकावर उरते. विमानांचं गणितही इथूनच सुरू होतं. मुक्काम नीट मांडला की बाकीची समीकरणं बरीच सरळ लिहून होतात.

ही रीत एका छोट्या उदाहरणावर शेवटपर्यंत करून बघू. कागद-पेन्सिल घ्या, कारण आकडे तुम्ही स्वतः तपासावेत अशी माझी इच्छा आहे.

वेळापत्रक आणि आकडे

तीन विमानतळ घेऊ: मुंबई, नागपूर आणि गोव्यातलं मोपा. गोव्यातलं जुनं विमानतळ, दाभोळी, मुद्दाम घेतलेलं नाही. तो नौदलाचा तळ आहे आणि नागरी उड्डाणांच्या वेळांवर तिथे वेगळी बंधनं येतात. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि उदाहरणाला सोपं पडतं.

विमानं दोन जातींची. एअरबस ए-३२०, १८० आसनांचं, ताफ्यात एक. एटीआर-७२, ७८ आसनांचं, ताफ्यात दोन. रोजची आठ उड्डाणं आणि प्रत्येकाची मागणी अशी:

उ१ मुंबई–नागपूर, ०६:००, मागणी ६०
उ२ नागपूर–मुंबई, ०८:१५, मागणी १६५
उ३ मुंबई–गोवा, ०६:३०, मागणी ७०
उ४ गोवा–मुंबई, ०८:४०, मागणी ९०
उ५ मुंबई–नागपूर, १८:३०, मागणी १७०
उ६ नागपूर–मुंबई, २०:४५, मागणी ५५
उ७ मुंबई–गोवा, ११:००, मागणी १५०
उ८ गोवा–मुंबई, १३:१०, मागणी १६०

मागणीचे आकडे शिकण्यासाठी घेतले आहेत, पण नागपूरच्या ओळींची ठेवण खरी आहे. इथला माणूस सकाळी मुंबईला जातो, कामं उरकतो आणि रात्री परततो. त्यामुळे सकाळचं जाणारं आणि संध्याकाळचं येणारं विमान भरतं, उलट दिशेची दोन्ही अर्धीमुर्धी राहतात.

हिशोबासाठी नागपूरचं सरासरी भाडं ४,००० रुपये आणि गोव्याचं ३,००० धरू. एका उड्डाणाचा खर्च एअरबसला नागपूरसाठी ३ लाख ८० हजार आणि गोव्यासाठी ३ लाख २० हजार. एटीआरला अनुक्रमे २ लाख २० हजार आणि १ लाख ७० हजार. मागणी आणि आसनं यांतला लहान आकडा घ्या, त्याला भाड्यानं गुणा आणि खर्च वजा करा. प्रत्येक उड्डाणाची दोन्ही जातींसाठीची कमाई हजार रुपयांत अशी येते:

उ१: एअरबस −१४०, एटीआर २०
उ२: एअरबस २८०, एटीआर ९२
उ३: एअरबस −११०, एटीआर ४०
उ४: एअरबस −५०, एटीआर ६४
उ५: एअरबस ३००, एटीआर ९२
उ६: एअरबस −१६०, एटीआर ०
उ७: एअरबस १३०, एटीआर ६४
उ८: एअरबस १६०, एटीआर ६४

आता वेळा. नागपूरला एअरबसला दीड तास लागतो, एटीआरला दोन तास धरा. गोव्याला सव्वा तास आणि दीड तास. उतरल्यापासून पुढच्या उड्डाणाला तयार होईपर्यंतचा टर्नअराउंड एअरबसला ३५ मिनिटं, एटीआरला २५. इथली एक बारीक गोष्ट पुढे फार मोठी होते. उ१ एअरबसनं उडवलं तर विमान नागपूरला ०८:०५ ला तयार होतं आणि ०८:१५ चं उ२ घेऊ शकतं. तेच उ१ एटीआरनं उडवलं तर विमान ०८:२५ ला तयार होतं, म्हणजे उ२ निघून गेल्यावर दहा मिनिटांनी.

जाळं काढा

प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र जाळं काढायचं. कागदावर तीन आडव्या रेषा ओढा, प्रत्येक विमानतळाची एक. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते. निघण्याच्या प्रत्येक वेळेला रेषेवर एक ठिपका. येणाऱ्या उड्डाणाचा ठिपका मात्र विमान उतरतं त्या वेळेला काढायचा नाही, ते पुढे निघायला तयार होतं त्या वेळेला काढायचा. टर्नअराउंड असा जाळ्यातच मुरतो, त्याची वेगळी अट लिहावी लागत नाही.

एका रेषेवरून दुसरीकडे जाणारी तिरपी कडी म्हणजे उड्डाण. त्याच रेषेवर एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंतची आडवी कडी म्हणजे त्या वेळात तिथे उभी असलेली विमानं. तिला आम्ही जमीन-कडी म्हणू. दिवसातल्या शेवटच्या ठिपक्यापासून वळसा घेऊन सकाळच्या पहिल्या ठिपक्याला येऊन मिळणारी जमीन-कडी हाच रात्रीचा मुक्काम. वेळापत्रक रोज तेच असतं, म्हणून जाळं गोल.

चलं दोन प्रकारची. क्ष हे उड्डाणाचं चल: ते उड्डाण ती जात करणार असेल तर १, नाहीतर ०. ज हे जमीन-कडीचं चल: तिथे तेव्हा उभ्या विमानांची संख्या, शून्य किंवा अधिक. आपल्या उदाहरणात क्ष १६ झाले. प्रत्येक उड्डाणाची दोन टोकं, म्हणून एका जातीला १६ ठिपके आणि तितक्याच जमीन-कड्या. दोन जातींच्या मिळून ३२. एकूण चलं ४८.

अटी तीन प्रकारच्या

पहिली, प्रत्येक उड्डाण कोणीतरी एकानंच करायचं. उ१ साठी एअरबसचा क्ष अधिक एटीआरचा क्ष बरोबर १. अशा ८ अटी.

दुसरी, समतोल. प्रत्येक ठिपक्यावर जितकी विमानं आली तितकीच निघाली पाहिजेत किंवा उभी राहिली पाहिजेत. नागपूरच्या रेषेवर एअरबसचे ठिपके ०८:०५, ०८:१५, २०:३५ आणि २०:४५. समीकरणं अशी:

ज(रात्र) + क्ष१ = ज(०८:०५ ते ०८:१५)
ज(०८:०५ ते ०८:१५) = क्ष२ + ज(०८:१५ ते २०:३५)
ज(०८:१५ ते २०:३५) + क्ष५ = ज(२०:३५ ते २०:४५)
ज(२०:३५ ते २०:४५) = क्ष६ + ज(रात्र)

एटीआरच्या जाळ्यात हेच चार ठिपके, पण क्रम बदलतो: आधी ०८:१५ चं निघणं, मग ०८:२५ चं तयार होणं, मग २०:४५ चं निघणं आणि २०:५५ चं तयार होणं. कारण संध्याकाळीही उ५ चं एटीआर सकाळसारखंच उ६ ला दहा मिनिटांनी हुकतं. बाकी काही न बदलता नुसता क्रम बदलल्यानं काय होतं ते बघा. उ१ आणि उ२ दोन्ही एटीआरनं करायची म्हटली तर उ२ साठी नागपूरला आदल्या रात्रीपासून एक एटीआर उभं हवं, आणि सकाळी मुंबईहून निघायला दुसरं. दोन विमानं लागली. उ२ दहा मिनिटं पुढे ढकलून ०८:२५ ला नेलं असतं तर एकात भागलं असतं. एका विमानाचं महिन्याचं भाडं किती असतं याची कल्पना असलेल्या माणसाला ही दहा मिनिटं झोपू देत नाहीत. म्हणून मोठ्या मॉडेलमध्ये एकाच उड्डाणाच्या पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं चार-पाच प्रती टाकतात आणि त्यातली एकच निवड अशी अट घालतात. वेळ ठरवायचं काम मग मॉडेलच करतं.

तिसरी अट विमानांच्या संख्येची, आणि नवशिक्यांचे हात इथे थबकतात. दिवसभरात विमानं हवेत, जमिनीवर, सगळीकडे असतात, मग मोजायची कशी? जाळं गोल आहे आणि समतोल पाळला आहे, त्यामुळे कुठल्याही एका क्षणी मोजली तरी संख्या तीच येते. सोयीचा क्षण निवडा. रात्री तीनला आपलं एकही विमान हवेत नाही, तेव्हा तिन्ही विमानतळांच्या ज(रात्र) ची बेरीज म्हणजे त्या जातीची वापरलेली विमानं. एअरबससाठी ती १ पेक्षा जास्त नको, एटीआरसाठी २ पेक्षा. रात्रीची लांब पल्ल्याची उड्डाणं असतील तर त्या क्षणी हवेत असलेल्या कड्याही त्या बेरजेत धरायच्या.

८ अधिक ३२ अधिक २, एकूण ४२ अटी. उद्दिष्ट: वरच्या कमाईच्या आकड्यांना त्या त्या क्ष नं गुणून बेरीज जास्तीत जास्त करायची. नागपूरच्या रात्रीच्या कडीवर एका विमानामागे ३० हजार वजा करू: क्रूचं हॉटेल, गाडी, पार्किंग, रात्रीचा तंत्रज्ञ.

सोडवा, आणि हाताने पडताळा

इतकं छोटं उदाहरण एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे असे प्रश्न सोडवणाऱ्या त्यातल्या साधनात, बसतं. त्याची मर्यादा २०० चलांची आहे. त्यापुढे जायचं असेल तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. पल्प हे मोफत पॅकेज घ्या, त्यासोबत सीबीसी हा सॉल्व्हर येतो. एडिंबरा विद्यापीठात तयार झालेला हाय्स हाही मोफत आहे आणि उत्तम आहे. गुरोबी किंवा सीप्लेक्स यांच्या व्यावसायिक वापरासाठी पैसे मोजावे लागतात, शिकायला त्यांची गरज नाही.

उत्तर असं येतं. एअरबस रात्री नागपूरला मुक्कामी. सकाळी उ२ घेऊन मुंबई, १०:२० ला तयार, ११:०० ला गोवा, १३:१० ला परत, १८:३० ला नागपूर. एक एटीआर मुंबईहून सकाळी उ१ घेऊन नागपूरला जातं, दिवसभर तिथे थांबतं, रात्री उ६ घेऊन परततं. दुसरं एटीआर सकाळी गोव्याला जाऊन येतं. बेरीज ९ लाख ९४ हजार, त्यातून मुक्कामाचे ३० हजार वजा, म्हणजे दिवसाला ९ लाख ६४ हजार.

आता एक बदल करा. नागपूरच्या दोन्ही जातींच्या ज(रात्र) ला शून्य करा, म्हणजे सगळी विमानं रात्री मुंबईलाच आली पाहिजेत. पुष्कळ लोक हे न विचारताच धरून चालतात, कारण कंपनीचा तळ तिथे असतो. मग उ१ चं विमानच उ२ करणार. एटीआर वेळेत तयार होत नाही, म्हणून दोन्ही एअरबसनं. उ५ आणि उ६ चंही तसंच. एअरबस दिवसभर सहा उड्डाणं करते, त्यातली दोन बरीचशी रिकामी. एक एटीआर गोवा करतं, दुसरं उभंच. बेरीज ६ लाख ७४ हजार. रोजचे २ लाख ९० हजार रुपये गेले, आणि तेही एका जमीन-कडीवर बंधन घातल्यामुळे. आठ उड्डाणांपैकी एकाचीही वेळ आपण हलवली नव्हती.

याच कारणासाठी मी जमीन-कड्यांवर इतकं थांबते. त्या उद्दिष्टात फारशा दिसत नाहीत, बहुतेकांचा गुणक शून्य असतो, म्हणून मुलं त्यांना नुसतं जोडकाम समजतात. पण खऱ्या जगातली बंधनं तिथेच येऊन बसतात. मुंबईत रात्री विमान उभं करायला जागा मिळणं कठीण असतं, ती ज(रात्र) ची वरची मर्यादा. एखाद्या विमानतळावर रात्री तंत्रज्ञ नसतो, ती मर्यादा शून्य. विशिष्ट देखभालीसाठी अमुक इतकी विमानं हँगर असलेल्या शहरात रात्री यायलाच हवीत, ती खालची मर्यादा. सगळं एकाच कडीवर.

नागपूरला तर रात्रीच्या या ठिपक्याचा इतिहासच आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परत पोचायची. चार तिरप्या कड्या एका ठिपक्यात येऊन पुन्हा चार होऊन जातात, हे जाळं मुलांना काढायला सांगितलं की त्यांना विषय एकदम जवळचा वाटू लागतो.

अपूर्णांक आले तर

एकच जात असेल तर हे सगळं शुद्ध जाळ्याचं गणित असतं आणि साधं लिनियर प्रोग्रॅमिंग आपोआप पूर्णांक उत्तर देतं. जाती दोन किंवा अधिक झाल्या आणि प्रत्येक उड्डाणावर त्यांची एकत्र अट आली की तो हक्क संपतो. सॉल्व्हर खुशाल सांगतो, उ५ अर्धं एअरबसनं करा, अर्धं एटीआरनं. म्हणून क्ष वर पूर्णांकाची अट घालावी लागते. सॉल्व्हर मग एका क्ष ला ० आणि १ अशा दोन फांद्यांत तोडून पुढे जातो. ज वर पूर्णांकाची अट घालू नका. सगळे क्ष पूर्णांक झाले की समतोलाच्या समीकरणांमुळे ज ही पूर्णांकच बसतात, आणि सॉल्व्हरचं काम पुष्कळ हलकं होतं.

दुसरा हलका करणारा उपाय म्हणजे ठिपके एकत्र करणं. लागोपाठ आलेली विमानं आणि त्यानंतर लागोपाठ निघालेली उड्डाणं एका ठिपक्यात बांधता येतात, कारण मधल्या जमीन-कड्या कधीच ऋण होणार नसतात. नागपूरचे एअरबसचे ०८:०५ आणि ०८:१५ असे एक होतात. आठ उड्डाणांना याची गरज नाही. हजारोंना आहे.

हजारोंची गोष्ट निघालीच आहे तर डेल्टा एअरलाइन्सच्या कोल्डस्टार्ट या प्रकल्पाबद्दल जरूर माहिती काढा. १९९४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. रोजची अडीच हजारांहून अधिक देशांतर्गत उड्डाणं, सुमारे ४५० विमानं, १० जाती. मॉडेलमध्ये जवळपास ४० हजार अटी आणि ६० हजार चलं होती. तीन वर्षांत ३० कोटी डॉलर वाचतील असा त्यांचा अंदाज होता. आपल्या आठ उड्डाणांच्या आणि त्यांच्या मॉडेलमध्ये अटींचे प्रकार तेच आहेत, हे मला आजही विलक्षण वाटतं.

एवढी मोठी मॉडेल्स तेव्हाच्या संगणकांवर सुटू लागली त्यामागे एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डॅन्टझिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर सरकत जाते. आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना, आकृतीच्या आतून वाट काढत उत्तराकडे जाणारी पद्धत मांडली. तिच्यातून इंटिरिअर पॉइंट पद्धतींचं सगळं कुळ पुढे वाढलं. विमान वेळापत्रकासारख्या प्रश्नांत सिम्प्लेक्स पुष्कळदा एकाच किमतीच्या कोपऱ्यांवर घुटमळतो. आतून जाणारी पद्धत तिथे उपयोगी पडते, आणि कोल्डस्टार्टनंही पहिली पायरी तशीच सोडवली होती.

उत्तर वाचायला शिका

सॉल्व्हर उत्तराबरोबर प्रत्येक अटीची सावली किंमत देतो: ती अट एकानं सैल केली तर उद्दिष्ट किती वाढेल. फार उपयोगाची गोष्ट आहे, पण पूर्णांकांच्या प्रश्नात ती फक्त दिशा दाखवते. खरा आकडा हवा असेल तर अटीची उजवी बाजू, म्हणजे तिच्यातला मर्यादेचा आकडा, बदलून मॉडेल पुन्हा चालवा. आपल्या उदाहरणात एटीआर दोनऐवजी एक करा. सकाळी ०६:०० आणि ०६:३० ची दोन उड्डाणं मुंबईतूनच निघतात, म्हणून दोन्ही विमानं रात्री मुंबईला हवीत, एअरबसचा नागपूर मुक्काम मोडतो आणि कमाई ६ लाख ७४ हजारांवर येते. म्हणजे दुसऱ्या एटीआरची किंमत दिवसाला २ लाख ९० हजार. तिसरं एटीआर दिलं तर? काहीच वाढत नाही. दुसरी एअरबस दिली तरी मॉडेल तिला हात लावत नाही. विमान भाड्यानं घ्यायचं की नाही या चर्चेत असा आकडा टेबलावर ठेवता आला की बोलणं मुद्द्यावर येतं.

मॉडेलवर विश्वास ठेवण्याआधी एक परीक्षा घ्या. सध्या प्रत्यक्षात चालू असलेलं वेळापत्रक आणि नेमणूक जशीच्या तशी क्ष मध्ये भरून अटी तपासा. मॉडेल म्हणालं की हे अशक्य आहे, तर चूक मॉडेलमध्ये आहे, कारण विमानं रोज उडताहेत. बहुधा टर्नअराउंड जास्त धरलेला असतो किंवा रात्रीची कडी जोडायची राहिलेली असते. आणि नवं वेळापत्रक अशक्य निघालं तर आधी हातानं मोजा की प्रत्येक विमानतळावर दिवसाला जितकी येतात तितकीच निघतात का. नाहीतर पहिल्या प्रकारच्या अटीत एक सवलतीचं चल टाका, उड्डाण सोडायला मोठा दंड लावून. कुठलं उड्डाण सोडलं जातं ते बघितलं की गाठ सापडते.

मागणीच्या आकड्यांबद्दल खूप जपून राहा. विकलेली तिकिटं म्हणजे मागणी नव्हे. रोज ७८ जागांचं विमान ७८ प्रवाशांनी भरून जात असेल तर मागणी ७८ होती की १४० हे विक्रीच्या यादीत दिसत नाही. डॅन्टझिग आणि फर्ग्युसन यांनी १९५६ मध्येच मार्गांवर विमानं वाटताना मागणी अनिश्चित धरून मॉडेल लिहिलं होतं, इतकी ही अडचण जुनी आहे. त्यातच गोव्याहून मुंबईमार्गे नागपूरला येणारा प्रवासी दोन उड्डाणांवर एक-एक जागा घेतो. त्याला एका उड्डाणावर जागा नाही मिळाली तर दुसऱ्याचंही भाडं जातं. सुरुवातीला उड्डाणावार हिशोब चालेल, पण जोडउड्डाणाचे प्रवासी जास्त असतील तर प्रवासावार मागणी मांडा.

आणि सॉल्व्हर अर्ध्या टक्क्याच्या आत आला की थांबवा. शेवटचा अर्धा टक्का काढायला तो रात्रभर चालेल, आणि मागणीच्या अंदाजातली चूक त्याच्या कितीतरी पट असते. तो वेळ उड्डाणकाळाच्या नोंदी महिन्यावार तपासण्यात घालवा. मुंबईचा जुलै आणि दिल्लीतला धुक्याचा जानेवारी यांना वर्षाची सरासरी लावली की कागदावरचं सुंदर वेळापत्रक दुपारपर्यंत कोलमडतं.

आपल्याकडच्या अटी

भारतात आणखी एक अट सक्तीची आहे, आणि ती लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये इतकी चपखल बसते की मी ती परीक्षेला घालते. १९९४ पासूनच्या मार्ग-वाटप धोरणानुसार कंपनीला मोठ्या शहरांमधल्या पहिल्या श्रेणीच्या मार्गांवर जितकी क्षमता लावली त्याच्या किमान १० टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप अशा दुसऱ्या श्रेणीच्या मार्गांवर लावावी लागते. क्षमता मोजतात आसन-किलोमीटरमध्ये. प्रत्येक क्ष ला आसनं गुणिले अंतर हा गुणक द्या, दुसऱ्या श्रेणीच्या बेरजेतून पहिल्या श्रेणीच्या बेरजेचा दहावा हिस्सा वजा करा, आणि फरक शून्याहून कमी नको अशी अट घाला. एक ओळ. पण तिची सावली किंमत बघा, दूरच्या प्रदेशाला जोडून ठेवण्यासाठी कंपनी किती मोजते ते कळेल. मला ही अट मनापासून आवडते.

क्रूची गोष्ट वेगळी. ताफ्याचं मॉडेल विमानं मोजतं, माणसं नाही. आपल्या उत्तरातलं पहिलं एटीआर सकाळी सहाला निघून रात्री पावणेअकराला मुंबईत येतं. सकाळी पाचच्या सुमारास हजर झालेल्या क्रूला नेहमीच्या एका ड्यूटीत ते जमणार नाही. दुसरा क्रू लागेल आणि त्याचा खर्च उ६ च्या कमाईत धरावा लागेल. क्रूच्या जोड्या लावायचं गणित वेगळं करतात. तिथे शक्य साखळ्या कोट्यवधी असतात, म्हणून सगळ्या न लिहिता हव्या तशा निर्माण करत जातात. पण दोन मॉडेल्स वेगळी असली तरी एकाची उजवी बाजू बदलली की दुसऱ्याला हादरा बसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नव्या नियमांत वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या ड्यूटीतली लँडिंग ६ वरून २ वर आली. नोव्हेंबर २०२५ पासून ते पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, काही तरतुदींना तात्पुरती सवलत द्यावी लागली. विश्रांतीचा नियम माझ्या मते योग्यच आहे. थकलेला वैमानिक कुठल्याच समीकरणात बसवू नये. म्हणूनच असा नियम जाहीर झाला की त्याच आठवड्यात नव्या उजव्या बाजूनं ताफा आणि क्रू, दोन्ही मॉडेल्स चालवून बघायची, लागू होईपर्यंत थांबायचं नाही.

शेवटी, रोज तेच वेळापत्रक ही आपण घेतलेली सोय आहे. नागपूरला डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सोमवारी सकाळी मुंबई–नागपूर भरतं आणि शुक्रवारी संध्याकाळी उलट. त्या आठवड्यांत एअरबसचा रविवारचा मुक्काम मुंबईला हवा. मग जाळं एका दिवसाचं न ठेवता सात दिवसांचं काढायचं आणि वळसा रविवार रात्रीपासून सोमवार सकाळला द्यायचा. मोजणी आठवड्यातल्या कुठल्याही एका रात्री, तीनला.

हे सगळं जमलं की पुढचा सराव असा करा. पहिलं एटीआर नागपूरला ०८:२५ पासून २०:४५ पर्यंत नुसतं उभं आहे. त्यात नागपूर–हैदराबाद आणि हैदराबाद–नागपूर अशी दोन ऐच्छिक उड्डाणं टाका. त्यांची पहिल्या प्रकारची अट "बरोबर १" ऐवजी "१ पेक्षा जास्त नको" अशी लिहा. दोन्ही एकत्रच घ्यायची अशी वेगळी अट लिहू नका. एकच घेतलं तर विमान हैदराबादला अडकेल आणि तिथला समतोल जुळणार नाही, म्हणून मॉडेल एक तर दोन्ही घेईल किंवा एकही नाही. भाडं आणि खर्च तुमच्या अंदाजानं घ्या, आणि मागणी किती झाली की मॉडेल त्यांना हो म्हणतं तो आकडा शोधून काढा.